एका ओळीचा मंत्र

काबिसा, पुनाखा
९ मार्च. नववा दिवस

शेरूब,

हे पत्र आपल्याच लिपीत लिहितो आहे. दुसऱ्या कुठल्या लिपीत मला लिहिता येत नाही, हे तुला माहीत आहे. अक्षरं मोठी काढली आहेत आणि वाक्यं लहान ठेवली आहेत. तुला वाचायला वेळ लागेल. लागू दे. घाईचं यात काही नाही.

तुझी आई गेल्याचं तुझ्या मामेभावाने, वांगदाने, तुला कळवलंच. कशी गेली ते त्याने सांगितलं की नाही ठाऊक नाही, म्हणून लिहितो. शुक्रवारी सकाळी तिने दूध काढलं, लोण्याचा चहा घुसळला आणि माझ्यासमोर वाटी ठेवली. म्हणाली, "मीठ जास्त पडलंय का बघा." मी म्हणालो, "ठीक आहे." जास्त पडलं होतं. मग ती खांबाला टेकून बसली ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले हृदय. ज्योतिषाने दहनाला चौथ्या दिवसाची वेळ काढून दिली. नदीकाठी सगळं नीट झालं. वांगदाने फार केलं.

तू फोन केलास तेव्हा वांगदाने दोनदा तो माझ्यापुढे धरला. मी हात धुवायला गेलो. दोन्ही वेळा. हे त्याने तुला सांगितलं असेलच.

तुझ्या कागदपत्रांचंही तो म्हणाला, की आत्ता पर्थहून निघालास तर पुन्हा आत घेणार नाहीत. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

तिचं ताट रोज वाढतो. एकोणपन्नास दिवस ती इथेच असणार आणि घरच्या माणसाने हाक मारल्याशिवाय तिला जेवता येणार नाही, तेव्हा दोन्ही वेळा मीच हाक मारतो. सगळा जन्म जेवायला हाक तिने मारली. मला त्याची सवय नाही. पहिल्या दिवशी आवाजच फुटेना. मागून लामा म्हणाला, "आपा, कचेरीत साहेबांची झोप मोडायची नाहीये. बायकोला जेवायला बोलवायचंय. जरा मोठ्याने!" बायका हसल्या. मग आवाज निघाला.

रडायचं नसतं. मागच्यांचे अश्रू तिच्या वाटेवर गारा होऊन पडतात. मी रडलेलो नाही.

गाय वांगदाच्या गोठ्यात नेली आहे. मला धार काढू देत नव्हती.

तुझा आपा


काबिसा
२२ मार्च. बाविसावा दिवस

शेरूब,

काल एकविसाव्याची पूजा झाली. चार भिक्षू आले होते. तुझ्या आईचे कपडे द्यायला काढले. तिचा नेसायचा हिरवा किरा मी ठेवून घेतला, तो विरला होता, कोणाला देण्यासारखा नव्हता.

एक सांगायचं आहे. सोळाव्या दिवशी तिची चांदीची डबी उघडली, गळ्यात असायची ती. आत लामाने दिलेला धागा असणार हे ठाऊक होतं. धाग्याखाली घडी घातलेला एक कागद निघाला. वहीचं पान होतं, दोन्ही बाजूंनी भरलेलं. एकच ओळ, वरपासून खालपर्यंत, पुन्हा पुन्हा लिहिलेली. अक्षर तिचंच. ती प्रौढांच्या वर्गाला जायची, दोन वर्षं, आठवड्यातून तीन दिवस दुपारी. साठाव्या वर्षी कशाला, असं मी विचारलं होतं. म्हणाली होती, "तुमच्या घरात राहून मी अडाणी मरू का?" तिची अक्षरं मीच सुधारून द्यायचो. हे पान मात्र तिने मला कधी दाखवलं नाही.

ओळ अशी आहे:

अ गे इज ना टँग री, अ गे इज शा ई.

अर्थ लागत नाही. 'अगे' म्हणजे आजोबा, पण मंत्रात तो शब्द कशाचाही असू शकतो. आपण म्हणतो त्यांतल्या किती मंत्रांचे अर्थ आपल्याला ठाऊक असतात? माणूस एकच ओळ पानभर लिहितो ती पुण्यासाठीच. मी लामाला दाखवलं. त्याने दोनदा वाचलं, डोकं खाजवलं. म्हणाला, "हा मी ऐकलेला नाही. पण गुरू पुष्कळ आहेत आणि मी काही सगळ्यांच्या दारात गेलेलो नाही. तिची श्रद्धा होती ना? मग म्हणा."

तेव्हापासून रोज सकाळी देवघरासमोर बसून माळेवर एकशे आठ वेळा म्हणतो. ओळीला ठेका आहे. म्हणताना बरं वाटतं, इतकंच सांगतो.

तूही म्हणावंस असं वाटलं. म्हणून ओळ वर मोठ्या अक्षरात काढली आहे. आईसाठी म्हण. माझ्यासाठी नव्हे.

तुम्ही आला होता त्या वर्षाची गोष्ट काढायची नाही असं ठरवलं होतं. तरी काढतो, कारण माळ ओढताना ती मधेच येते. तुझी यांगकी चार वर्षांची होती. जेवायला बसलो होतो. तिने आजीला काहीतरी विचारलं, इंग्रजीत. तिची आई, सेल्देन, हसून तिच्याशी इंग्रजीतच बोलली, तूही बोललास. तुमच्या घरात तिघांची बोली अशी झाली होती: सेल्देनची तिच्या माहेरची पूर्वेकडची, तुझी ही, आणि मुलीला दोन्ही नकोत म्हणून तिसरी. मी वाटी खाली ठेवली आणि म्हणालो, "या घरात जोंगखा बोलतात. जिला येत नसेल तिने गप्प बसावं."

ती काय झालं म्हणून तुमच्या तोंडाकडे बघत राहिली. मग खरंच गप्प बसली. आठ दिवस.

निघताना गाडीपाशी तू म्हणालास, "आपा, तुम्ही तिच्याशी एक शब्द बोलला नाहीत." मी म्हणालो, "तिला आपला एक शब्द यायला लागला की फोन कर." तू ते मनावर घेतलंस. माझ्या शब्दाचा इतका मान तू आधी कधी ठेवला नव्हतास.

माझ्या बाजूने एवढंच की मी एकतीस वर्षं जोंगमध्ये, जिल्ह्याच्या कचेरीत, लिहीत होतो. साहेब तोंडाने सांगायचे, काय पाहिजे ते, कसंही, अर्धवट. ते मी आपल्या भाषेत नीट करायचो. माझं पत्र वाचून दाखवलं की लोक पाठ ताठ करून बसायचे. आणि माझ्या घरात माझीच नात माझ्याकडे परक्यासारखी बघते, हे मला सहन झालं नाही. ही सबब नाही. तसं झालं, म्हणून लिहिलं.

हे पत्र उद्या टाकतो.

आपा


काबिसा
२४ मार्च, रविवार. चोविसावा दिवस

शेरूब,

परवाचं पत्र टाकलं आहे. ते परत मागता आलं असतं तर मागितलं असतं. पोस्टातल्या माणसाला घरी जाऊन विचारलं. थैली कालच गेली होती.

आज सकाळी मी माळ घेऊन बसलो होतो. दागो अंडी न्यायला आली. तिचं दुकान तुला आठवत असेल, पाणचक्कीच्या वरच्या वळणावर. तरुणपणी ती परदेशी पाहुण्यांच्या हॉटेलात सात वर्षं होती, तेव्हापासून तोंडाने फटकळ आहे. दारात उभी राहिली. मला वाटलं पूजा संपायची वाट बघते आहे, म्हणून मी आवाज थोडा चढवला.

ती म्हणाली, "कारकूनसाहेब, हे काय म्हणताय?"

"तिचा मंत्र आहे."

"कोणी दिला तिला?"

"ते ठाऊक नाही. लामालाही ठाऊक नाही."

"मी दिला," दागो म्हणाली, आणि रिकामी टोपली खाली ठेवून उंबऱ्यावर बसली. आधी हसली. इतकी हसली की वांगदाची बायको शेतातून वर बघायला लागली. मग तिने तोंडावर बाही धरली आणि बराच वेळ ती काढली नाही. मी म्हणालो, "रडू नकोस, गारा पडतात." म्हणाली, "पडू देत. तिला सवय आहे, तुमच्या घरात तिने पुष्कळ सोसल्यात."

मग तिने सांगितलं. तुला हे सगळं माहीत आहे. आपल्यात माहीत नसलेला मी एकटाच होतो.

दर रविवारी सकाळी तुझी आई अंडी घेऊन दागोकडे जायची. अंडी विकायला एवढा वेळ का लागतो, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली होती, "दागो बोलत बसते." दागो नव्हे, तिच्या फोनवर तुम्ही बोलत बसायचात. तू, सेल्देन, यांगकी. पाच वर्षं. वर्गात ती जोंगखा लिहायला शिकली, खरंच शिकली, पण त्या अक्षरांत इंग्रजी लिहून घेता यावी म्हणून. दागो शब्द सांगायची, ती आपल्या अक्षरांत ते उतरवायची आणि आठवडाभर पाठ करायची. एकदा संध्याकाळी तिने मला एक आवाज काढून दाखवला होता, खालचा ओठ दाताखाली धरून, आणि हा कसा लिहायचा असं विचारलं होतं. मी म्हणालो होतो, "तो आवाज आपल्यात नाही. तुला कशाला हवाय?" ती म्हणाली होती, "सहज."

मी दागोला त्या ओळीचा अर्थ विचारला. ती म्हणाली, "तुमची नात दर रविवारी एकच विचारायची. अगे अजून रागावलेत का? तुमच्या बायकोला उत्तर द्यायला जमायचं नाही, शब्द अडकायचे. मग मला म्हणाली, दागो, मला एकच वाक्य दे, पण नीट दे. मी दिलं. ती ते महिनाभर घोकत होती."

"पण अर्थ काय?"

"अगे रागावलेले नाहीत. अगे लाजाळू आहेत."

शेरूब, आठ दिवस, रोज एकशे आठ वेळा, मी देवासमोर मांडी घालून ते सांगत होतो.

दागो निघताना म्हणाली, "लाजाळू नाही, हट्टी म्हण, असं मी तिला सांगितलं होतं. तिने ऐकलं नाही."

दुपारी मी हाक मारायला ताटासमोर बसलो तेव्हा मला तिचा राग आला. पाच वर्षं तुम्ही सगळे बोलत होता आणि मी इथे, याच खोलीत, चहा पीत बसलो होतो. मग आठवलं की अट माझीच होती. हाक मारली. जरा हळू मारली, पण मारली.

एक मागणं आहे. मी तुझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. १८ एप्रिलला एकोणपन्नासावा. त्या दिवशी दुपारी तिचं शेवटचं ताट. त्यानंतर हाक मारायची नसते, मारली तरी तिने ऐकायची नसते. इतके दिवस तिला फक्त माझा आवाज ऐकू आला आहे, आणि तो ऐकून ती कंटाळली असेल. यांगकीने तिला एकदा जेवायला बोलवावं. दागोच्या फोनवर. अकरा वाजता, तुमचा दुपारचा एक वाजलेला असेल. तिला येईल त्या भाषेत. मी मधे काही बोलणार नाही.

आपा


काबिसा
९ एप्रिल. चाळिसावा दिवस

शेरूब,

पोस्टातला माणूस म्हणतो पत्र तीन आठवड्यांत पोचतं, कधी चारही लागतात. म्हणजे तुला माझं मागणं वेळेवर मिळेल किंवा मिळणार नाही. दागो म्हणते, "फोन तुमच्या पुढ्यात आहे, नंबर त्यात आहे. मग पत्र कशाला लिहीत बसता?" मी म्हणालो, पत्रात चुकलेलं खोडता येतं. ती म्हणाली, "तुमच्या एका तरी पत्रात खोडलेलं आहे का?" नाही. तेही खरं आहे.

दोनदा तिच्या दुकानात जाऊन फोन हातात घेतला. पहिल्यांदा गिऱ्हाईक आलं. दुसऱ्यांदा कोणी आलं नाही, तरी ठेवला.

मंत्राचं काय करायचं ते लामाला विचारलं. आधी सगळं सांगावं लागलं. तो इतका हसला की चहा सांडला. मग म्हणाला, "आपा, मी चाळीस वर्षं मृतांच्या कानाशी पोथी वाचतो आहे. ती कोणत्या भाषेत आहे? आमच्या धर्माच्या जुन्या भाषेत. तुमच्या बायकोला तिचा एक शब्द तरी यायचा का?"

"नाही."

"तरी मी वाचतो आणि ती ऐकते. बरं, त्या ओळीत जे आहे ते खोटं आहे का?"

मी माळेचे मणी मोजायला लागलो.

"बघा," तो म्हणाला, "लाजता आहात."

तेव्हा रोज म्हणतो, पूर्वीसारखंच. फरक इतकाच की आता घाई होत नाही. दागोने तिची वहीही आणून दिली, दुकानात ठेवलेली असायची. पहिल्या पानावर यांगकीची शाळा, तिचे दात, तिकडचा उन्हाळा, असं एकेक इंग्रजीत विचारायचं लिहून ठेवलं आहे. मला वाचता सगळं येतं, कळत काहीच नाही. आयुष्यभर लोक माझ्याकडे कागद घेऊन यायचे आणि म्हणायचे, यात काय लिहिलंय ते सांगा. आता मी वही घेऊन दागोच्या बाकावर बसतो. ती साखर तोलता तोलता सांगते.

मिरच्या लावायच्या राहिल्या आहेत. रोपं तुझ्या आईने केली होती, वाफ्यात दाटी झाली आहे.

आपा


काबिसा
१९ एप्रिल. पन्नासावा दिवस

शेरूब,

काल सगळं पार पडलं. चढावर एकशे आठ पताका उभ्या केल्या. वारा चांगला होता. चाळीसेक माणसं जेवली. सगळ्यांनी तिची आठवण काढली, आणि तिच्या हातच्या सुक्या डुकराच्या मांसाची जरा जास्तच काढली.

अकराला ताट वाढलं. लाल भात, मिरची आणि चीज, मीठ जास्त घातलेला चहा. चहा मीच केला होता. दागोने तिचा फोन ताटाशेजारी ठेवला. सगळे गप्प बसले, कारण वांगदाने सर्वांना सांगून ठेवलं होतं. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. लामाने माझ्याकडे पाहिलं. भात निवत होता.

तुला पत्र मिळालं नसणार. मी तसंच धरून चाललो आहे.

मी दागोला म्हणालो, "लाव." तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि लावला. फोन माझ्या कानाला धरला, कारण माझा हात माळेत होता.

तुझा आवाज आला. सहा वर्षांनी. तू इंग्रजीत काहीतरी म्हणालास, चार-पाच शब्द, नीट, कचेरीतल्या माणसासारखे. आवाज जाड झाला आहे. मग एक बारीक सूर वाजला आणि शांत झालं. मला वाटलं, तू ऐकतो आहेस. तुझी तशी सवयच होती, माझं बोलणं संपेपर्यंत उभा राहायचास, उत्तर द्यायचा नाहीस.

म्हणून मी बोललो. आधी तिला हाक मारली, नावाने, मोठ्याने. म्हणालो, शेरूब आहे, सेल्देन आहे, यांगकी आहे, सगळे जेवायला बसलो आहोत, ये. मग यांगकीसाठी ती ओळ म्हणालो. एकदाच. ठेका धरूनच आली, दुसऱ्या तऱ्हेने म्हणायला मला येत नाही. मागे कोणीतरी कुजबुजलं, "आपा इंग्रजी बोलतात!" वांगदाने त्याला गप्प केलं.

मग तुमच्यापैकी कोणी काही म्हणेल म्हणून थांबलो. बराच वेळ थांबलो. शेवटी दागोने फोन काढून घेतला.

"कारकूनसाहेब, ते यंत्र आहे. तो घरात नसला की यंत्र उचलतं."

"मग मी कोणाशी बोललो?"

"साठवून ठेवतं ते. तो आला की ऐकेल."

चाळीस माणसांसमोर मला काय वाटलं ते लिहीत नाही. पण ताटाकडे पाहिलं तेव्हा वाटलं, यात नवीन काय आहे? एकतीस वर्षं मी हेच केलं. माणूस समोर नसताना त्याला सांगायचं, आणि तो वाचेल तेव्हा वाचेल. ही ओळ तर तिनेच तयार करून दिली होती. मी फक्त पोचवली.

ताट उचललं. लामाने पोथी मिटली आणि म्हणाला, "गेली. पोट भरून गेली."

हे पत्र पोचण्याच्या कितीतरी आधी तू ते ऐकलेलं असशील. तेव्हा यात तुला नवीन काही नाही. तरी लिहितो, कारण आज सकाळी मी दोन वाट्या काढल्या आणि एक परत ठेवली, आणि हे सांगायला घरात कोणी नव्हतं.

परवा रविवार. अंडी द्यायला मी जाणार आहे. दहा वाजल्यापासून दागोच्या बाकावर असेन, आणि पुढच्या रविवारीही. यांगकीला सांग, अगेंना ती ओळ पाठ आहे. तिला हसू आलं तर हसू दे. पुढची कुठली शिकायची ते तिने सांगावं, मी लिहून घेईन.

तुझा आपा